घाटात गरम झालेल्या स्विफ्टसाठी जुनं इंजिन: घ्यावं का, आणि कसं पारखावं?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट, पेट्रोल, के-१२ इंजिन. बेळगावला जाताना चोर्ला घाटात रेडिएटर फुटला. लाल दिवा लागला तेव्हा गाडी बाजूला घ्यायला जागाच नव्हती. वळणं ओलांडून जागा मिळेपर्यंत इंजिन आपोआप बंद पडलं होतं. आता सेल्फ मारला की फिरतं, पण चालू होत नाही. टोचन करून म्हाप्शाला आणली.

गॅरेजवाले म्हणतात, इंजिन काम करायचं तर ५५-६० हजार. त्यापेक्षा जुनं इंजिन बसवा, ३५ पर्यंत मिळेल, बसवणावळ वेगळी. म्हाप्शाजवळच्या एका भंगारअड्ड्यावर एक आहे म्हणे, आणि कोल्हापूरलाही एक असल्याचं कळलंय. मी शाळेत शिकवते, गाडीवाचून रोजचे हाल होतात, म्हणून निर्णय लवकर हवाय. पण जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाकडे बघून ते चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं? तिथे जाऊन मी नेमकं काय बघू, काय विचारू? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

अंत्रुजकर

ताई, फोंड्याला माझं गॅरेज आहे, मारुतीचीच कामं जास्त. जुन्या इंजिनाकडे वळण्याआधी एक विचारतो: तुमच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उघडून कोणी बघितलंय का? की नुसतं फिरवून 'इंजिन गेलं' म्हणून सांगितलं?

गरम झालेल्या इंजिनात हेड गॅसकेट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) जळते, हेड वाकतं, आणि फारच तापलं असेल तर पिस्टन बोअरला, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो तिला, घासतो. पहिल्या दोन गोष्टी हेड उतरवून, फेसिंग करून (लेथवर सपाट करून), नवी गॅसकेट टाकून निस्तरतात. तिसरी झाली असेल तरच जुन्या इंजिनाचा विचार करायचा. हेड उतरवायला फार तर एक दिवस लागतो. तेवढा दिवस घालवल्याशिवाय ३५ हजार कोणाच्या हातावर ठेवू नका.

लेथवरचा

अंत्रुजकरांशी सहमत. मडगावला आमच्या लेथवर हेडं येतात त्यांत घाटात तापलेल्या गाड्यांची पुष्कळ असतात. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सरकवायचा. ०.०५ मिमीचं पान खालून आरामात गेलं तर हेड वाकलंय. त्याच वेळी बोअरवरून नख फिरवून बघा. उभे ओरखडे नुसते दिसतात आणि नखाला लागत नाहीत, तर अजून आशा आहे. नख अडलं तर त्या ब्लॉकला मोठं काम आलं.

मांडवीकाठ

धन्यवाद. आजच हेड उतरवायला सांगितलंय, मी समोर उभी राहून बघणार आहे.

घाटवाट

हेडचं कळेल तेव्हा कळेल, पण भंगारअड्ड्यावर जायच्या आधीची एक गोष्ट. इंजिन कुठल्या गाडीतून निघालं आणि ती गाडी कशामुळे भंगारात आली, हे विचारल्याशिवाय पुढची काहीच बोलणी करू नका.

मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन सगळ्यात चांगलं. अपघाताच्या क्षणापर्यंत ते चालू होतं आणि मार सगळा डिकीला बसला. पुढून ठोकलेली असेल तर क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) पुली डगमगते का, फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबर) जिथे बसतं ते कान तडकलेत का, ऑईल चेंबर चेपलाय का, हे बघावं लागतं. चेंबर फुटल्यावरही इंजिन काही वेळ चालू राहिलं असेल तर बेअरिंगं गेलीच म्हणून समजा. आणि पाण्यात गेलेली गाडी असेल तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या भागात अशा गाड्यांची कमतरता नाही. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सत्तरी-डिचोलीत पूर आला. विम्याने टोटल लॉस ठरवलेल्या गाड्यांचे सुटे भाग पुढे कुठेकुठे फिरतात ते विकणारा आपणहून सांगत नाही.

अंत्रुजकर

घाटवाट, अगदी बरोबर. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची वॅगन-आर आली होती, दुसरीकडे जुनं इंजिन बसवून घेतलेली. चालू व्हायची, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर जाताना तयार होणारा दाब) कायम कमी आणि खालून बारीक ठकठक. उघडली तर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. पाणी शोषून इंजिन अडलं की असंच होतं, कारण पाणी दाबलं जात नाही आणि रॉडच वाकतो. विकणाऱ्याने 'चालू करून दिलं होतं' एवढंच सांगून हात झटकले. चालू होणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुराचं इंजिन ओळखायचं तर धुतलेल्या बाहेरच्या अंगाकडे बघत बसू नका. ज्या सांदीत ब्रश पोचत नाही तिथे बघा. डायनामोच्या आतल्या तांब्याच्या वेटोळ्यात सुकलेला गाळ, स्पार्क प्लगच्या खड्ड्यांच्या तळाला मातीची साय, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज, सेन्सरच्या घरात पांढरी पूड. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालता आला तर बोअरमध्ये गंजाचं गोल कडं आहे का बघा. पाणी जिथपर्यंत उभं होतं तिथे ते कडं राहतं. हे कॅमेरे आता मोबाईलला जोडता येतात, महाग नसतात.

आपल्याकडे अजून एक घोळ. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आणि वर समुद्राची हवा. प्लग काढलेलं, इनटेक उघडं टाकलेलं इंजिन एक पावसाळा पत्र्याखाली पडून राहिलं तर पूर न येताही आतून गंजतं. म्हणून प्लग जागेवर आहेत का, इनटेक-एक्झॉस्टची तोंडं कापड कोंबून बंद केलेली आहेत का, हे आधी बघा. ज्याने तेवढी काळजी घेतली त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

वास्को_डिझेल

थोडं विषयांतर, पण हा धागा कोणी डिझेलसाठी वाचेल म्हणून लिहितो. १२४८ सीसी मल्टिजेटचं जुनं इंजिन बघत असाल तर पेट्रोलचा गेज लावू नका. डिझेलचं कॉम्प्रेशन २५-३० बारच्या घरात असतं, पेट्रोलच्या दुप्पट. त्याला वेगळा गेज लागतो. टर्बोचा पंखा बोटाने हलवून बघा. कवचाला टेकत असेल तर टर्बो गेलेला. आणि इंजेक्टरांच्या किमती आधी विचारून ठेवा, सगळं गणित तिथे बिघडतं.

मांडवीकाठ

हेड उतरलं. पट्टी ठेवली तर मधल्या भागात पान सहज गेलं, म्हणजे हेड वाकलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये उभे ओरखडे आहेत. लेथवरचा यांनी सांगितल्यासारखं नख फिरवलं, तर दोन ठिकाणी चक्क अडलं. मिस्त्रींनी त्या पिस्टनची कडा दाखवली, ॲल्युमिनियम पुसल्यासारखं एका बाजूला ओढलं गेलंय.

म्हणजे आता जुनं इंजिन किंवा पूर्ण काम, दोनच वाटा. उद्या म्हाप्शाचं इंजिन बघायला जाणार आहे. ते सुटं आहे, जमिनीवर ठेवलेलं. सेल्फ नाही, गिअरबॉक्स नाही. मग कॉम्प्रेशन कसं मोजायचं?

लेथवरचा

ब्लॉकचं ऐकून वाईट वाटलं. हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवाय नुसता खालचा भाग, असाही एक पर्याय असतो. पण तुमचं हेडही वाकलेलं असल्यामुळे पूर्ण इंजिनच बरं.

अंत्रुजकर

स्विफ्टचा सेल्फ गिअरबॉक्सच्या घरावर बसतो. त्यामुळे सुटं इंजिन सेल्फने फिरवता येत नाही आणि कॉम्प्रेशनही नीट मोजता येत नाही. नेमका याच अडचणीचा फायदा विकणारे घेतात. पण वाट आहे.

पहिलं काम, चारही प्लग काढायला लावून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडरांचं एक चक्र पुरं होतं. कुठे अडतं का, खरखरतं का, लक्ष द्या. मग प्लग परत लावून तसंच फिरवा. चार वेळा दाब हाताला जाणवला पाहिजे, आणि चारही सारखे. एखाद्या वेळी पाना लोण्यातून गेल्यासारखा सरकला तर तो सिलिंडर गळतोय.

दुसरं काम हवेने. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतोच. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात हवेचा निप्पल वेल्ड केलेला आमच्याकडे कायम असतो, तुमच्या मिस्त्रींकडेही असेल. एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, त्या भोकातून हवा सोडायची. क्रँक पान्याने घट्ट धरून ठेवायला एक माणूस लागतो, नाहीतर हवा पिस्टन खाली ढकलते आणि पाना हाताला लागतो. मग शांतपणे कान लावायचा. ऑईल कॅपमधून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा, एक्झॉस्टच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक वॉल्व्ह. पाण्याच्या वाटेत पाणी भरून ठेवलंत आणि त्यात बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडा. रिंगांतून थोडी हवा सगळ्याच इंजिनांत जाते, त्याने घाबरू नका. वॉल्व्हमधून आणि पाण्यात मात्र अजिबात नको.

सुटं इंजिन बरेच दिवस कोरडं पडलं असेल तर आधी प्रत्येक भोकात चमचाभर तेल घालून फिरवून घ्या.

घाटवाट

तेलाबद्दल मी भर घालतो. डिपस्टिकवरचं तेल बघून काही कळत नाही, ते विकण्याआधी बदललेलं असतं. ऑईल फिल्टर बदलायचं मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विकणाऱ्याने परवानगी दिली तर फिल्टर काढून कापा, कागदाच्या घड्या पिळून उन्हात धरा. चमकणारी पूड दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला लागली तर लोखंड, नाही लागली आणि चंदेरी-पिवळसर असली तर बेअरिंग किंवा पिस्टनचं ॲल्युमिनियम. घड्या नुसत्या काळ्या असतील तर उत्तम.

कॅपखाली डांबरासारखा थर असेल तर त्या मालकाने वेळेवर तेल बदललेलं नाही. के-१२ ला टायमिंग चेन आहे. तिचा ताण तेलाच्या दाबावर राहतो, त्यामुळे घाण तेलाने चेनही लवकर सैल होते.

पणजीचा_पांथस्थ

मंडळी यंत्राचं उत्तम सांगताहेत, मी कागदाचं सांगतो. कागद चुकला तर उत्तम इंजिनही डोक्याला ताप होतं.

ब्लॉकवर इंजिन नंबर ठोकलेला असतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि फोटो काढा. आजूबाजूला ग्राइंडर मारल्याच्या रेघा, नव्या रंगाचा ठिपका, वाकडीतिकडी अक्षरं दिसली तर तिथून निघा. मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागा, त्यातला नंबर जुळला पाहिजे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर टाकून गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का ते तपासता येतं. मग पावती घ्या, आणि तीवर इंजिन नंबर लिहून घ्या. 'जुने सुटे भाग' असं मोघम लिहिलेली पावती वाहतूक खात्यात चालणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही कळवा. पुढे दावा करायची वेळ आली आणि गाडीतला नंबर आरसीशी जुळला नाही तर तिथेच अडेल.

आणि ताई, गाडी २०१३ ची म्हणजे आरसी २०२८ ला संपते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. तुमच्या गाडीचा पत्रा कसा आहे? खालून गंजली असेल तर एवढा खर्च करू नका.

मांडवीकाठ

पत्रा चांगला आहे, दर पावसाळ्याआधी खालून रंग मारून घेते. कर्ज कधीच फिटलं.

म्हाप्शाचं इंजिन बघितलं आणि सोडलं. बाहेरून इतकं लख्ख धुतलेलं होतं की आधी बरं वाटलं. अंत्रुजकरदादांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला, तर तळाला सुकलेल्या तांबड्या मातीच्या पापडीवर प्लगच्या षटकोनी अंगाचा ठसा उमटलेला होता. म्हणजे माती बसली तेव्हा प्लग जागेवर होता. विचारलं तर म्हणाले, रस्त्याची धूळ. पुढे काही बघितलंच नाही.

कोल्हापूरचं मात्र वेगळं आहे. २०१४ ची स्विफ्ट, मागून ट्रकने ठोकलेली, इंजिन अजून गाडीतच आहे आणि चालू होतं. नंबर आरसीशी जुळला. मिस्त्रींना घेऊन गेले होते, गेजही नेला होता. चारही प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजलं. आकडे अनुक्रमे १७५, १७०, १४०, १७५ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून परत मोजलं तर १४५. हे कसं समजायचं?

अंत्रुजकर

छान तपासलंत. निरोगी पेट्रोल इंजिन १७०-२०० मध्ये असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवा थोडी विरळ, म्हणून गेज आपल्यापेक्षा थोडा कमीच दाखवणार. त्यामुळे आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बघायचा. १० टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो. तुमचा तिसरा २० टक्के खाली आहे.

तेल घातल्यावर आकडा एकदम वर गेला असता तर रिंगा म्हटलं असतं. फारसा हलला नाही, म्हणजे वॉल्व्ह. गॅसकेटची शक्यता कमी, कारण ती बहुधा शेजारच्या दोन सिलिंडरांना घेऊन जाते. गाडी किती महिने उभी आहे? उभ्या गाडीत एखादा वॉल्व्ह उघडा राहतो, त्याच्या बैठकीवर गंजाची बारीक साय किंवा कार्बनचा कण बसतो आणि तो पूर्ण मिटत नाही. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवून, पंखा दोनदा लागेपर्यंत तापवून परत मोजायला सांगा.

रिट्झ किंवा जुन्या स्विफ्टचं इंजिन देतो म्हणाले तर नको म्हणा. २०११ च्या नव्या स्विफ्टपासून के-१२ ला व्हीव्हीटी (वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आलं, आधीच्यात नव्हतं; तुमच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, ते जुनं इंजिन चालणार नाही. २०१४ चं मात्र जसंच्या तसं बसेल.

मांडवीकाठ

गाडी पावसाळ्याआधीपासून उभी आहे. आज फोनवर सांगून परत मोजायला लावलं, मिस्त्रींचा तिथला ओळखीचा माणूस हजर होता. तापल्यावर तिसरा १६५ वर आला, बाकीचे १७५-१८०. सकाळी थंड असताना चालू केल्याचा व्हिडिओ पाठवलाय. निळा धूर नाही, चेनचा आवाज नाही. ऑईल कॅप उघडून वर हात धरला तर भस्सकन वाफ येत नाही, मंद श्वास जाणवतो असं ते म्हणाले. ३८ हजार मागताहेत, डायनामो आणि सेल्फसकट.

लेथवरचा

घ्या. पण गाडीत चढवण्याआधी हेड उतरवून वॉल्व्ह लॅप करून (बैठकीवर घासून नीट बसवून) घ्या, नवी गॅसकेट टाका. इंजिन बाहेर असताना हे स्वस्तात होतं, आत गेल्यावर तेच काम महागात पडतं.

अंत्रुजकर

इथे माझं मत वेगळं आहे. कंपनीतून आल्यापासून न उघडलेलं हेड, पाण्यात बुडबुडा नाही, आकडे जुळताहेत, तर ते उघडायचं कशाला? म्हाप्शाला आल्यावर हवेची चाचणी फक्त तिसऱ्यावर करा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर लेथवरचा म्हणतात तसं उघडा. नाही आली तर हात लावू नका.

किमतीत मात्र १४० चा आकडा दाखवून कमी करून घ्या. आणि बसवल्यावर ठरलेल्या दिवसांत कॉम्प्रेशन पडलं तर परत घेऊ, हे पावतीवरच लिहून घ्या.

लेथवरचा

ठीक, चाचणीवर सोडू. तिसऱ्याचा निकाल इथे नक्की लिहा, ताई.

मांडवीकाठ

३४ ला ठरलं. पावतीवर इंजिन नंबर आणि परतीची अट दोन्ही लिहून देणार आहेत. शनिवारी टेम्पोने येईल. बसवण्याआधी काय काय नवीन घेऊन ठेवू?

अंत्रुजकर

सगळ्यात आधी रेडिएटर, नवा. जुन्याला डाग देऊन चालवू नका, पहिलं इंजिन त्यानेच खाल्लं. सोबत थर्मोस्टॅट, वॉटर पंप, वरचा-खालचा होज आणि रेडिएटरची कॅप. पंखा आपोआप लागतो का ते तारा जोडून तपासा. तो लागत नसेल तर घाटात परत तेच होईल.

क्रँकचं मागचं ऑईल सील आत्ताच बदला. ते गळलं तर पुढे पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या, अर्ध्याहून जास्त झिजलं असेल तर आत्ताच टाका. फाउंडेशनचे रबर तुमच्या गाडीचे चांगले असतील तर तेच वापरा. तुमच्या जुन्या इंजिनाचे इंजेक्टर, कॉइल आणि थ्रॉटल बॉडी काढून घरी ठेवा, पुढे लागतील. जुना ब्लॉक आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत भंगारात देऊ नका.

नळाचं पाणी ओतू नका, कूलंटच भरा, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा बाहेर काढा. पहिलं तेल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदला, आणि तो काढलेला फिल्टर कापून बघायला मिस्त्रींना सांगा.